ब्लॉक साडेबारा इंचाचा का येत नाही?

सहा जणी, क्विल्टच्या, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या अमेरिकन धाटणीच्या गोधडीच्या, ब्लॉकचा (एका चौकोनाचा) एकच नमुना, मंगलदास मार्केटमधल्या एकाच गाळ्यातून आणलेलं कॅम्ब्रिक आणि एकाच कागदावरून उतरवून घेतलेली मापं. तरी गेल्या ऑगस्टमध्ये दादरला मैत्रिणीच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही आपापले 'चर्न डॅश' नावाचे ब्लॉक एकावर एक ठेवले, तेव्हा कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. सगळ्यात मोठा ब्लॉक बरोबर साडेबारा इंच. सगळ्यात लहान सव्वाबाराला जेमतेम टेकलेला. तो आमच्या परळच्या काकूंचा होता. "मी तर मापानंच कापलं होतं गं," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. आमच्यात सगळ्यात नेटकं कापणं त्यांचंच.

ही तक्रार मी आता इतक्या वेळा ऐकली आहे की एकदा नीट लिहून काढते. कापलं बरोबर, शिवलं सरळ, तरी ब्लॉक लहान येतो, टोकं शिलाईत गडप होतात, नाहीतर ब्लॉक मधेच फुगतो. उपाय सोपे आहेत. पण आधी चूक कुठं होते ते सापडावं लागतं, आणि ती बहुतेक वेळा आपण शोधतो तिथं नसते.

आधी मापाची भाषा. क्विल्टचे पारंपरिक नमुने इंचात आहेत, कारण ते अमेरिकेतले. आपल्या कारागिरांकडं इंचासाठी एक फार सोयीचं माप आहे: सूत. आठ सूत म्हणजे एक इंच, दोन सूत म्हणजे पाव इंच. या कामातली प्रत्येक चूक सुतात, अर्ध्या सुतात, पाव सुतात असते. १⁄३२ म्हटलं की डोळ्यांपुढं काही येत नाही, पाव सूत म्हटलं की बोटाला कळतं.

सँपलर क्विल्टमध्ये प्रत्येक ब्लॉक वेगळ्या नमुन्याचा, पण सगळे एकाच मापाचे. तयार ब्लॉक १२ इंच, आणि चारही बाजूंना पाव इंच मार्जिन धरून जोडण्याआधी १२½. मार्जिनला जुन्या शिवणवर्गात 'माया' म्हणत. दोन तुकडे जोडले की दोघांची पाव-पाव इंच माया आत जाते.

सँपलरमध्येच ही तक्रार जास्त का, ते इथं कळतं. समजा तुमच्या मशीनवर पाव इंचाऐवजी पाव सूत जास्त जागा जाते आहे. म्हणजे प्रत्येक शिलाईत दोन्ही बाजू मिळून अर्धा सूत कापड हरवतं. सगळी क्विल्ट नाइन पॅचची, म्हणजे नऊ चौकोनांच्या ब्लॉकची, असेल तर सगळेच ब्लॉक सारखे लहान येतील, एकमेकांना छान जुळतील, आणि तुम्हाला चूक कधी कळणारही नाही. सँपलरमध्ये तसं होत नाही. नाइन पॅचच्या एका ओळीत दोन शिलाया, म्हणजे एक सूत कमी. मध्ये चौकोन आणि प्रत्येक बाजूला चार-चार पट्ट्या असलेल्या लॉग केबिनमध्ये एका ओळीत आठ शिलाया, म्हणजे चार सूत, सरळ अर्धा इंच कमी. हात तोच, मशीन तेच, चूकही तीच. फक्त शिलाया जास्त तितकी तूट जास्त. म्हणून "मागचा ब्लॉक बरोबर आला होता, हाच का बिघडला" असं वाटतं. मागचाही बिघडलेलाच होता, थोडा.

चर्न डॅश याबाबतीत फार बोलका ब्लॉक आहे. नाव लोणी काढायच्या दांड्यावरून पडलं आहे, आपल्या ताकाच्या रवीचं भावंडच म्हणा. चार कोपऱ्यांत दुरंगी त्रिकोणांचे चौकोन, चार बाजूंना दोन-दोन पट्ट्या जोडलेले चौकोन, मध्ये एक साधा चौकोन. वरच्या आणि खालच्या ओळीत उभ्या शिलाया फक्त दोन, कारण तिथल्या पट्ट्या आडव्या झोपलेल्या असतात. मधल्या ओळीत मात्र पट्ट्या उभ्या, म्हणून शिलाया चार. काकूंच्या ब्लॉकवर मी टेप धरला. वरची कड १२⅜, खालची १२⅜, मधोमध १२¼. ब्लॉक कमरेत आवळल्यासारखा. पट्टीचा चौकोन कोपऱ्याच्या चौकोनाला जिथं भेटतो तिथं शिलाया अर्ध्या सुतानं चुकलेल्या. कापण्यातली चूक अशी शिलायांच्या हिशेबात वाढत जात नाही. ही मार्जिनची चूक होती, तीही नेमकी पाव सुताची.

तीन पट्ट्यांची परीक्षा

इतर काही करण्याआधी हे करा. एकाच कापडाच्या दीड इंच रुंद, चार इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा. लांब बाजूंनी एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि रुंदी मोजा. एकूण साडेतीन इंच आणि मधली पट्टी नेमकी एक इंच आली पाहिजे. मधली पट्टी महत्त्वाची, कारण तिच्या दोन्ही बाजूंना शिलाई असते आणि कापण्यातली लहानसहान चूकही त्यात लपत नाही.

उलट बाजूनं शिलाईची जागा मोजत बसू नका. सगळ्या जणी तेच करतात. काकूंनीही केलं होतं, आणि टेपवर त्यांना पाव इंच दिसत होतं. पण शिलाईपासून कडेपर्यंत बरोबर पाव इंच असलं तरी पट्टी कमी पडते, कारण कापड उलटून इस्त्री केलं की दोऱ्यावरून घडी पडते आणि त्या घडीत कापडाच्या जाडीइतकी जागा जाते. जाड कापड आणि जाड दोरा असेल तर आणखी. म्हणून खरी शिलाई पाव इंचाच्या किंचित आत, एक-दोन धागे कमी अशी हवी. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मी माझ्या मशीनवर सहा मिलिमीटरच्या आसपास शिवते आणि मधली पट्टी एक इंच येते. तुमच्या मशीनवर, तुमच्या दोऱ्यानं हा आकडा थोडा वेगळा येईल. शिवून झालेला तुकडा मोजायचा. तो बरोबर आला की मार्जिन बरोबर.

पट्टी कमी आली तर जागा जास्त जाते आहे, मार्गदर्शक रेघ (जिला कापडाची कड लावून शिवता ती) सुईकडं सरकवा. पट्टी मोठी आली तर उलट. पुन्हा तीन पट्ट्या शिवा. दोन-तीन फेऱ्यांत जमतं. जमलेल्या पट्ट्या फेकू नका, त्यावर तारीख, सुईचा नंबर आणि दोरा लिहून मशीनच्या डब्यात ठेवा.

फूट बदलला असेल तर

पुढच्या रविवारी मी परळला गेले. काकूंचं काळं पायमशीन सासूबाईंच्या वेळचं, अजून लोण्यासारखं चालतं. दोरा काढून घेतला, सुईखाली चौकटीच्या वहीचा कागद धरला आणि फूटच्या (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) उजव्या कडेला छापील रेघ धरून नुसतीच सुई चालवली. कागदावर भोकांची ओळ उमटली. मोजपट्टी लावली तर पाव इंचापेक्षा केसभर जास्त. मग काकूंना आठवलं की पावसाळ्याआधी मशीन दुरुस्तीला दिलं होतं तेव्हा फूट बदलून आला होता. जुना अरुंद होता, हा जरा रुंद. इतकी वर्षं त्या फूटच्या कडेला कापड लावून शिवत आल्या, डोळ्यांना सवय तीच. कड सरकली हे त्यांना कळणार कसं?

तुमचंही मशीन सर्व्हिसिंगहून आलं असेल, किंवा काळ्या मशीनवरून झिगझॅगवर गेला असाल, तर संशय आधी इथंच घ्या. बहुतेक झिगझॅग मशीनच्या रुंद फूटची कड सुईपासून पाव इंचाहून लांब असते. ज्या मशीनवर सुई डावी-उजवीकडं सरकते तिथं सुई सरकवून काम भागतं. काळ्या मशीनवर सुई जागची हलत नाही. तिथं मशीनच्या पत्र्यावर आपली रेघ तयार करायची.

ती अशी. पारदर्शक पट्टी फूटखाली सरकवा, तिची उजवी कड तुमच्या उजवीकडं ठेवा आणि चाक हातानं फिरवत सुई हळूच खाली आणा. सुईचं टोक पट्टीच्या पाव इंचाच्या रेघेला लागून, किंचित उजवीकडं टेकलं पाहिजे. फूट खाली करा, पट्टी दाबून धरा आणि तिच्या उजव्या कडेला लागून मास्किंग टेप चिकटवा. नुसत्या टेपवरून कापड घसरतं. म्हणून मी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची अरुंद पट्टी कापून ती टेपच्या कडेला बसवते. कापडाला टेकायला भिंत मिळते. भिंत सुईच्या बरीच पुढंपर्यंत, तुमच्या बाजूला आलेली असावी आणि तिनं कापड पुढं सरकवणारे दात झाकू नयेत. शिवताना नजर भिंतीवर ठेवा. सुईकडं बघत राहिलं की कापड आपोआप तिरकं जातं, विशेषतः शेवटच्या इंचात. तुमच्या ब्लॉकची सुरुवात बरोबर आणि शेवट निमुळता येत असेल तर कारण हेच.

दोरा बारीक घ्या, सुई ११ किंवा १४ नंबरची, टाका दोन मिलिमीटरच्या आसपास. काळ्या मशीनवर बऱ्याचदा १६ नंबरची सुई कायमची लागलेली असते. ती जाड कपड्यांसाठी ठीक, पण कॅम्ब्रिकवर ती मोठी भोकं पाडते आणि त्रिकोणाचं टोक खाली ओढून नेते. टोक दाताखाली अडकत असेल तर आधी एका चिंधीवर दोन-चार टाके घाला आणि तसंच पुढं तुकडा लावा.

इस्त्रीतली घडी

काकूंचा फूट सुधारला, पट्ट्या पुन्हा शिवल्या, तरी मधली पट्टी किंचित कमीच. तेव्हा त्यांची इस्त्री बघितली. मुंबईच्या घरांत इस्त्रीचं टेबल ठेवायला जागा कुणाला आहे? काकू पलंगावर गोधडी अंथरून इस्त्री करतात. गोधडी मऊ, कापड तिच्यात दबतं, शिलाई पूर्ण उघडत नाही, आणि सुलट बाजूनं शिलाईलगत एक नाजूक चुणी राहते. दिसायला काहीच नाही, नखानं ओढली तर उलगडते. त्या चुणीत पुन्हा अर्धा सूत.

प्लायवुडचा दोन फुटांचा तुकडा घ्या, त्यावर जुन्या चादरीच्या दोन घड्या ताणून बसवा. इस्त्रीला कडक पाठ हवी. शिलाई आधी मिटलेलीच, जशी मशीनवरून आली तशी, एकदा दाबा. मग उघडा, गडद रंगाच्या बाजूला वळवा, बोटानं दाबून मगच इस्त्री ठेवा. ठेवा आणि उचला. कपड्यांना करतो तशी पुढं-मागं फिरवली की कापड ताणलं जातं, आणि त्रिकोण असतील तर हमखास वाकडं होतं. वाफ सुरुवातीला नकोच.

शेजारच्या दोन ओळींच्या शिलाया एकमेकींच्या उलट दिशेला वळवा. म्हणजे ओळी जोडताना त्या एकमेकींत बसतात. डोळे मिटून बोटाच्या टोकानं चाचपलं तरी कळतं: दोन उंचवटे असतील तर जुळलं नाही, सपाट लागलं की बसलं. टाचणी त्याच जागी घालायची, आणि सुई तिच्यापर्यंत यायच्या आत काढून घ्यायची.

या दोन दुरुस्त्यांनी काकूंची मधली पट्टी एक इंच झाली. मोजून झाल्यावर त्यांनी ती तीन पट्ट्यांची चिंधी देवघराच्या फळीवर ठेवली.

त्रिकोणांचं वेगळंच दुखणं

नाइन पॅच बरोबर येतो, पट्ट्यांचा ब्लॉक बरोबर येतो, आणि ओहायो स्टार किंवा सॉटूथ स्टार हे त्रिकोणांनी बनणारे ताऱ्याचे ब्लॉक मात्र बिघडतात, असं असेल तर दोष मार्जिनचा नाही, उरेबचा आहे. कापडाचा उभा धागा जवळजवळ ताणला जात नाही, आडवा थोडा जातो, आणि तिरका, म्हणजे उरेब, रबरासारखा ताणतो. ब्लाउजला उरेब पट्टी लावणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको. चौकोन कर्णावर कापून केलेल्या त्रिकोणाची लांब बाजू उरेब असते. ती हाताळताना, शिवताना, इस्त्रीखाली वाढते, आणि वाढलेली परत येत नाही.

त्यावर पहिला उपाय खळ. कापड कापायच्या आधी खळ घालून, सुकवून, कडक इस्त्री करून घ्या. माझ्या सासूबाई सुती साड्यांना भाताच्या पेजेची खळ घालायच्या. मी अजून तीच वापरते, दोनदा फडक्यातून गाळून पातळ केलेली, कारण शीत राहिलं तर इस्त्रीला चिकटून कापडावर डाग पडतो. जून ते सप्टेंबर मात्र जपायला हवं. पावसाळ्यात खळ घातलेलं कापड दोन-दोन दिवस सुकत नाही, आणि ओलसर असताना इस्त्री केली तर नेमकं तेच ताणलं जातं जे आपल्याला ताणायचं नव्हतं. पंख्याखाली पूर्ण कोरडं होऊ द्या, मगच इस्त्री आणि मगच कापणं. खळीच्या कापडाला बुरशी आणि कसर दोन्ही लवकर लागतात, म्हणून पावसाळ्यात लागेल तेवढंच कापड तयार करा. ब्लॉक पूर्ण होऊन क्विल्ट झाली की धुऊन टाका.

दुसरा उपाय: थोडं मोठं शिवा आणि छाटा. चार इंची तयार दुरंगी चौकोनासाठी नमुन्यात ४⅞ इंचाचे चौकोन लिहिलेले असतात. हे ⅞ कुठून आलं असं नवीन मुली नेहमी विचारतात. त्रिकोणाच्या सरळ बाजूला पाव इंच, आणि टोकाकडं शिलाई तिरकी जात असल्यामुळं सहा दशांश इंचाच्या आसपास, मिळून पाऊण इंचाहून थोडं जास्त भरतं, ते वर चढवून सात सूत केलं आहे. हिशेब बरोबर आहे, पण त्यात चुकायला जागा जवळजवळ नाही. त्यापेक्षा पाच इंचाचे दोन चौकोन घ्या, सुलट बाजूला सुलट बाजू लावून एकावर कर्ण आखा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना मार्जिननं शिवा आणि कर्णावर कापा. दोन दुरंगी चौकोन मिळतात, प्रत्येक ४⅝ चा. आता पट्टीची ४५ अंशांची रेघ शिलाईवर ठेवून ४½ ला छाटा. एक सूत कापड वाया जातं. पण सगळे चौकोन सारखे निघतात, आणि कर्ण कोपऱ्यातून कोपऱ्यात जातो. दोन बाजू छाटून चौकोन फिरवा, मग उरलेल्या दोन. ओहायो स्टारच्या चार त्रिकोणांच्या चौकोनाला ५¼ लिहिलेलं असतं, तिथं मी ५½ घेते. छाटताना पट्टीवरच्या २¼ च्या आडव्या-उभ्या रेघांचा छेद बरोबर मध्यावर, चार त्रिकोण भेटतात तिथं बसवायचा.

सॉटूथ स्टारमध्ये जी 'उडती बदकं' असतात, फ्लाइंग गीझ, त्यांचं टोक कापडाच्या कडेपासून बरोबर दोन सूत आत पाहिजे. टोक कडेला टेकलेलं असेल तर जोडताना ते शिलाईत जाणारच, कितीही जपून शिवा. म्हणून बदक तयार झालं की लगेच टोकाच्या वरची जागा मोजा. जोडताना उलट बाजू वर ठेवा. तिथं दोन शिलायांची फुली दिसते. फुलीच्या बरोबर वरून, किंवा एक धागा कडेच्या बाजूनं शिलाई गेली की टोक शाबूत. फुलीच्या आतून गेली की टोक कापलं गेलं. तिथं मार्जिन पाव इंच आहे की नाही हे बघू नका, फुली बघा. पुढं-मागं दोन टाक्यांत वळण घेऊन पुन्हा भिंतीला लागा.

हातानं जोडणाऱ्यांना यातला बराच त्रास होत नाही. पूर्वीच्या पद्धतीत पुठ्ठ्याचा साचा ठेवून कापडावर शिलाईची रेघ आखायची आणि भोवती अंदाजानं माया सोडून कापायचं. शिवायचं रेघेवर, त्यामुळं माया कमी-जास्त झाली तरी चालते. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं रोटरी कटर (गोल पातं फिरवत कापणारा) आणला, तेव्हापासून सगळे कड मोजून कापतात आणि कडेवरून शिवतात. वेग प्रचंड वाढला, पण सगळा भार मार्जिनवर आला. आपल्या गोधडीत तर हा प्रश्नच येत नाही. तिथं तुकडा तुकड्यावर बसवून, थर एकत्र धरून धावदोरा घालत जातात, आणि जिथं कमी पडेल तिथं ठिगळ. ज्यांचं मशीनशी जमत नाही, आणि लोकलमध्ये बसायला मिळतं, त्यांनी हातानं जोडायचा विचार जरूर करावा. चर्न डॅशचे तुकडे एका छोट्या पाकिटात मावतात.

आणखी काही जागा, जिथं सूत निसटतं

छापलेला साचा. परदेशी नमुने लेटर कागदासाठी असतात, आपल्याकडं ए-फोर. झेरॉक्सवाल्यानं 'फिट टू पेज' ठेवलं की साचा दोन-तीन टक्के लहान निघतो. तीन टक्के म्हणजे बारा इंचात जवळजवळ तीन सूत. शंभर टक्के ठेवायला सांगा, आणि नमुन्यावर एक इंचाचा चाचणी चौकोन असतो तो दुकानातच मोजून घ्या.

मोजपट्ट्या. दोन कंपन्यांच्या मोजपट्ट्यांवरच्या रेघा सारख्या जाड नसतात, आणि कापडी टेप तर वर्षानुवर्षांच्या ओढण्यानं लांबलेला असतो. एका क्विल्टला एकच मोजपट्टी. आम्ही सहा जणींनी आता बारा-साडेबारा इंची एकच चौकोनी पट्टी ठरवली आहे. ती ज्या घरी जमायचं तिकडं फिरते, आणि ब्लॉक तिच्यावरच तपासायचे.

कापड. कोरं कापड आटतं, आणि वेगवेगळं वेगवेगळ्या प्रमाणात. पॉपलिन, ब्लाउजपीसचं टू बाय टू आणि मलमल एकाच ब्लॉकमध्ये घेणार असाल तर तिन्ही आधी धुऊन घ्या. लाल आणि निळा रंग पांढऱ्या फडक्यावर ओला घासून बघा. मलमलला खळ दुप्पट. हिंदमाताला किंवा मंगलदासला 'कॉटन' म्हणून टेरिकॉटही हातात येतं. त्यावर शिलाई दाबून बसत नाही, इस्त्री उचलली की पुन्हा उठते, त्यामुळं ब्लॉकचं माप कधीच ठरत नाही. असं कापड क्विल्टमध्ये घेऊच नका.

झालेले ब्लॉक वाचवायचे कसे

सगळे ब्लॉक सगळ्यात लहान ब्लॉकच्या मापाला छाटू नका. हा मोह प्रत्येकीला होतो. छाटलं की कडेच्या टोकांचं मार्जिन जातं आणि ताऱ्यांच्या पाकळ्या बोथट होतात.

एका सुताइतकी तूट असेल तर प्लायवुडवर साडेबाराचा चौकोन आखलेला कागद लावा, ब्लॉक पाण्याच्या फवाऱ्यानं दमट करून टाचण्यांनी त्या रेघेपर्यंत ओढून बसवा आणि तसाच वाळू द्या. वर इस्त्री नुसती ठेवायची. मग लगेच जोडा, म्हणजे तो मापात अडकतो. यापेक्षा जास्त ओढायचं नाही.

जोडताना एक बाजू थोडी मोठी असेल तर दोन टोकं आणि मध्य आधी टाचा, मग उरलेलं वाटून द्या. मोठी बाजू खाली, दातांकडं ठेवा. दात खालचं कापड थोडं जास्त ओढून घेतात आणि फरक जिरतो.

दोन सूत तूट असेल तर चौकट. हे काकूंच्या ब्लॉकसाठी केलं, आणि आता आमच्या सगळ्या क्विल्टचीच रचना तशी झाली आहे. प्रत्येक ब्लॉकला चारही बाजूंनी दीड इंची पट्टी लावायची आणि सगळे ब्लॉक १४ इंचांना छाटायचे, ब्लॉक मधोमध ठेवून. साडेबाराच्या ब्लॉकभोवती तयार क्विल्टमध्ये पाऊण इंच चौकट दिसते, सव्वाबाराच्या ब्लॉकभोवती सात सूत. फरक एका सुताचा, तोही पट्टीत, टोकांना धक्का नाही. सहा जणींना चौकटीचं कापड एकच घ्यायचं होतं, काकूंनी शेंदरी निवडलं.

ब्लॉक मोठा आला असेल, म्हणजे मार्जिन कमी गेलं असेल, तर आतल्या शिलाया उसवून पुन्हा घालाव्यात. बाहेरून छाटणं तिथंही चुकीचं. उसवताना तिसरा-चौथा टाका कापून दोरा ओढा, म्हणजे उरेब कडा ताणत नाहीत.

आणि एक ब्लॉक आहे जो सगळं बरोबर करूनही चुकतो. पुढच्या महिन्यात आमच्यात बेअर्स पॉ आहे, अस्वलाचा पंजा. त्याची आखणी सात घरांची: तीन घरांचा पंजा, एक घराची पट्टी, पुन्हा तीन घरांचा पंजा. बाराला सातानं भाग जात नाही. नमुना बारा इंचाचा करायला गेलं की प्रत्येक घर पावणेदोन इंचाहून किंचित कमी निघतं, ते कुठल्याही पट्टीवर नसतं, आणि मग प्रत्येक जण आपल्या मनानं वर-खाली करते. घर दीड इंचाचं धरा. ब्लॉक तयार साडेदहाचा होतो. भोवती सव्वा इंच रुंद कापलेली पट्टी लावा, तिची पाऊण इंच दिसते, आणि ब्लॉक बरोबर बाराचा येतो. पट्टी ब्लॉकच्या पार्श्वभूमीच्या रंगाची घ्या, म्हणजे पंजे मोकळ्यात उमटल्यासारखे दिसतात. पट्ट्या कापताना समोरासमोरच्या दोन ११ इंचांच्या आणि उरलेल्या दोन १२½ च्या.